घटस्थापनेला पेरणी, संक्रांतीला टोमॅटो : पुण्यातल्या गच्चीवरचा पहिला भाजीमळा

पुण्यात घरची भाजी लावायची हौस बहुतेकांना जूनमध्ये येते. पहिला पाऊस पडतो, रोपवाटिकांत गर्दी होते, चार कुंड्या आणि बियांची सहा पाकिटं घरात येतात. जुलैअखेर मेथी सडलेली असते, टोमॅटोची पानं करपलेली असतात आणि ‘आमच्या हाताला गुणच नाही’ असा निकाल लागलेला असतो. दोष हाताचा नसतो, मुहूर्ताचा असतो. नवख्या माणसानं पुण्यात सुरुवात करावी ती घटस्थापनेच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पाऊस ओसरलेला असतो आणि पुढे चार महिने कोरडी हवा, स्वच्छ ऊन, गार रात्री मिळतात. बुरशी कमी येते, पालेभाज्या जोमात वाढतात, चुका सुधारायला वेळ मिळतो. देवघरातल्या घटात गहू किती झपाट्यानं वर येतो ते पाहिलं की हवेचा अंदाज येतोच.

पुढचा सगळा हिशेब बेताच्या बागेचा आहे: झाडं लावायच्या १५ इंची ८ पिशव्या (ग्रो बॅग) आणि फळांचे ४ क्रेट. पहिल्या वर्षी याहून जास्त लावू नका. वीस कुंड्या लावणं एका रविवारचं काम असतं. त्यांना पाणी घालणं मात्र रोजचं असतं.

आधी ऊन मोजा

फळभाज्यांना रोज किमान ६ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या ४ तासांत भागवतात. सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ५ वाजता जागेचे फोटो काढले की कुठे किती ऊन येतं ते एका दिवसात कळतं.

हे मोजताना एक गोष्ट ध्यानात घ्या. डिसेंबरात पुण्याचा सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. त्यामुळे गच्चीच्या दक्षिणेकडच्या साडेतीन फुटी कठड्याची सावली भर दुपारी तीन फुटांहून लांब पडते. ऑक्टोबरात उन्हात दिसणारी कठड्याजवळची पिशवी डिसेंबरात सावलीत जाते. पिशव्या उत्तरेच्या कठड्याला लावल्या तर हा प्रश्न येत नाही. उलट दक्षिणेकडे उघडी असलेली बाल्कनी हिवाळ्यात भाजीसाठी सगळ्यात चांगली, कारण ऊन पार आतपर्यंत येतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो आणि तीच बाल्कनी सावलीत जाते. उत्तरेच्या बाल्कनीत टोमॅटोचा हट्ट धरू नये. तिथे पुदिना, अळू आणि फार तर पालक.

स्लॅबवरचं वजन

गच्चीवर विटांचे वाफे करून एक फूट माती भरायची कल्पना मनात असेल तर ती सोडून द्या. माणसांचा वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण १५० किलो वापरातला भार धरून बांधतात. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा वाफा चौरस मीटरला साडेतीनशे ते पाचशे किलो भरतो. हलक्या मिश्रणानं भरलेली १५ इंची पिशवी पाणी घातल्यावर ४० ते ४५ किलोंची होते. म्हणून चौरस मीटरला दोन, फार तर तीन पिशव्या ठेवाव्यात आणि शक्यतो खाली तुळई असलेल्या कडेनं. जुन्या इमारतीत आधी अभियंत्याला विचारा आणि सोसायटीची परवानगी तोंडी न घेता लेखी घ्या. गळतीचं पहिलं खापर बागेवरच फुटतं.

प्रत्येक पिशवी दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा. खालून हवा खेळते, पाणी साचत नाही, मुळं फरशीच्या सांध्यात शिरत नाहीत, झाडू मारता येतो.

कशात लावायचं

टोमॅटो, वांगं, मिरची यांना १५ बाय १५ इंची पिशवी, एका पिशवीत एकच रोप. मिरचीला १२ इंचीही चालते. भेंडीची किंवा गवारीची तीन झाडं एका १५ इंची पिशवीत मावतात. दोडका, कारलं, काकडी अशा वेलांना ४०-५० लिटरचा अर्धा कापलेला ड्रम द्या, त्यात दोनच वेल. पालेभाज्यांना खोली ८ इंच पुरते, पण पसरट जागा हवी. त्यासाठी बाजारात मिळणारे जुने फळांचे क्रेट उत्तम. आतून शेडनेटचा तुकडा लावला की माती गळत नाही आणि पाणी मात्र निघून जातं.

रंगाचे २० लिटरचे डबे फुकट मिळतात आणि ते चालतातही, पण आधी घासून धुवा. मग तळाला चार आणि तळापासून अर्धा इंच वर बाजूला चार भोकं पाडा, करंगळी जाईल एवढी. फक्त तळाला भोकं असतील तर डबा फरशीवर टेकला की बुजतात, आणि पंधरा दिवसांनी झाड का पिवळं पडलं ते कळत नाही.

माती, म्हणजे निम्मं काम इथेच

कुंडीतलं झाड मुळं पसरून दुसरीकडचं अन्न शोधू शकत नाही. जे आहे ते त्या ४० लिटरांतच. म्हणून बी आणि रोपांवर कमी खर्च केला तरी चालेल, मिश्रणावर करा.

पुण्याच्या आसपासची काळी माती शेतात सोनं असते, कुंडीत ती त्रास देते. ओली असताना चिकट, वाळली की आक्रसून कडेनं भेग पाडते आणि घातलेलं पाणी त्या भेगेतून थेट खाली जातं. वरून कुंडी भिजल्यासारखी दिसते, आत मुळं कोरडी. त्यामुळे रोपवाटिकेतून लाल माती घ्या. तीही एकटी वापरू नका, महिन्याभरात ती विटेसारखी घट्ट होते.

दहा घमेली मिश्रणाचं प्रमाण असं. एका घमेल्यात साधारण १० लिटर मावतात.

- लाल माती, चाळलेली: ४ घमेली
- गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत: ३ घमेली
- भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा): २ घमेली
- जाड वाळू किंवा अर्धवट कुजलेला पालापाचोळा: १ घमेलं
- निंबोळी पेंड: अर्धा किलो
- ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) भुकटी: ५० ग्रॅम, आधी खतात मिसळून

एवढ्यात १५ इंची अडीच पिशव्या भरतात. आठ पिशव्या आणि चार क्रेट मिळून अशी पाच वेळा मिश्रणं करावी लागतील. मिश्रण ओलसर करून आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवा आणि मगच भरा. पिशवी काठोकाठ भरू नका, दोन इंच रिकामी ठेवा, नाहीतर प्रत्येक पाण्याला माती बाहेर वाहते.

कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते. ते दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या. नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि न धुता वापरलं तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जळतात. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला किंवा आत ऊब लागली तर ते अजून कुजलेलं नाही. असं खत मुळं भाजतं, शिवाय त्यातून हुमणी येते. हुमणी म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, जाड अळी. ती मुळं खाते आणि धडधाकट झाड एका दुपारी मान टाकतं. खत चाळताना अशा अळ्या दिसल्या तर वेचून काढा.

पैसे वाचवायचे असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल पुण्यातल्या रस्त्यांवर पडणारी पानं पोत्यांत भरून ठेवा. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं सगळ्यात लवकर कुजतात. आंबा आणि फणसाची पानं चिवट, त्यांना बराच जास्त वेळ लागतो. रसवंतीवरचं उसाचं चिपाडही फुकट मिळतं, पण ताजं चिपाड थेट मिश्रणात घालू नये. कुजताना ते मातीतला नत्र ओढून घेतं आणि झाडं पिवळी पडतात. ड्रमच्या तळाशी एक तृतीयांश थर द्यायला ते ठीक आहे. दोन महिन्यांत तो थर खचतो, तेव्हा वरून मिश्रणाची भर घाला.

मिश्रण बरोबर जमलं का हे पाहायची सोपी खूण आहे. ओलसर मूठ दाबा: लाडू वळला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर फुटला पाहिजे. वळलाच नाही तर खत आणि कोकोपीट कमी आहे. फुटलाच नाही तर माती जास्त आहे.

बी कुठलं घ्यायचं

मार्केट यार्ड परिसरातल्या बियाण्यांच्या दुकानांत छोटी पाकिटं मिळतात. पाकिटावर मुदतीची तारीख बघा आणि नावावरून वाण कुठलं ते ओळखा. ‘फुले’ म्हणजे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, ‘अर्का’ म्हणजे बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेचं, ‘पुसा’ म्हणजे दिल्लीचं. गुलाबी किंवा निळं रंगवलेलं बी म्हणजे त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. ते हाताळल्यावर हात धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

नवख्यांना सोपी जाणारी वाणं: मिरचीत पुसा ज्वाला किंवा फुले ज्योती, भेंडीत परभणी क्रांती, टोमॅटोत धनश्री किंवा अर्का रक्षक, गवारीत पुसा नवबहार, पालकात ऑलग्रीन. वांग्यात आपल्या शेजारच्या मांजरीच्या नावाचं मांजरी गोटा लावाच. गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, भरल्या वांग्याला याच्यासारखं दुसरं नाही. काकडीत पूना खिरा आहे, पण ती फेब्रुवारीनंतर.

मेथी आणि धणे स्वयंपाकघरातल्या डब्यातलेही चालतात, फार जुने नसले म्हणजे झालं. शंका असेल तर वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मेथीचे चौदा-पंधरा दाणे चार दिवसांत मोडले तर पेरा.

पालेभाज्या: पहिल्या महिन्यातली भाजी

मेथी ही नवख्यांची भाजी. रात्रभर भिजवा, क्रेटमध्ये एक मोठा चमचा बी सारखं पसरा, वर अर्धा सेंटीमीटर मातीचा थर द्या आणि झारीनं पाणी घाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते, २५ ते ३० दिवसांत काढायला येते. दोन क्रेट एकाच दिवशी पेरू नका, दहा दिवसांचं अंतर ठेवा. नाहीतर एकाच आठवड्यात सगळी मेथी आणि नंतर महिनाभर काही नाही.

कोथिंबीर लोकांना दगा देते त्याची कारणं दोन. पहिलं, अख्खा धणा म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन बिया. लाटण्यानं हलके रगडून त्याचे दोन भाग करा, पीठ नको. मग दहा-बारा तास भिजवून पेरा. दुसरं, घाई. तिला उगवायला ८ ते १२ दिवस लागतात आणि पाचव्या दिवशी माती उकरून बघणारे बरेच असतात. काढणी ४० दिवसांच्या आसपास. मार्चनंतर ती नीट उगवत नाही, उगवली तरी लगेच फुलावर येते.

पालक दोन-दोन इंचांवर एकेक बी, महिन्याभरात पहिली कापणी. मुळा पालेभाज्यांच्या क्रेटमध्ये लावायचा तर खोली पुरत नाही, त्याला १२ इंची पिशवी द्या. एखाद्या क्रेटमध्ये चाकवत किंवा आंबट चुका टाका. दोन्ही दुकानात ताजे मिळतीलच असं नाही आणि घरी मात्र फारसं लक्ष न देता येतात.

पेरल्यापासून उगवेपर्यंत क्रेटवर जाळी हवीच. पुण्यात भाजीचा सगळ्यात मोठा शत्रू अळी नाही, कबुतर आहे. बी टिपतं, रोपं उपटतं, ओल्या मातीत बसून अंगाला माती लावून घेतं. नायलॉनची जाळी क्रेटवर काठ्या उभ्या करून ताणा. नुसती पसरलेली जाळी ती पायांनी दाबून खातात.

टोमॅटो, मिरची, वांगं: आधी रोप, मग लावणी

बी थेट पिशवीत टाकू नका. प्रोट्रेमध्ये (रोपांसाठीच्या खणाखणांच्या ट्रेमध्ये) किंवा कागदी कपात धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं भरा, अर्धा सेंटीमीटर खोल एकेक बी टाका. टोमॅटो ५ ते ७ दिवसांत उगवतो, मिरचीला ८ ते १२ दिवस लागतात. मिरची उगवलीच नाही म्हणून नवव्या दिवशी कप ओतून देऊ नका. उगवताच ट्रे उन्हात आणा. सावलीत ठेवलेली रोपं दोऱ्यासारखी लांब होतात आणि पुढे कधी सावरत नाहीत.

या काळात रोपं एका रात्रीत जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली तर ती रोपांची मर आहे. कारण बुरशी, आणि बुरशीचं कारण जास्तीचं पाणी. पडलेली रोपं काढून टाका, ट्रे एक दिवस सुकू द्या, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून बाकीच्यांना घाला.

टोमॅटोची रोपं २५ ते ३० दिवसांनी, वांग्याची पाच आठवड्यांनी, मिरचीची ३५ ते ४० दिवसांनी लावणीला येतात. एवढं थांबायचं नसेल तर रोपवाटिकेतून तयार रोपं आणा. पुण्याजवळ उरुळी कांचनकडे रोपवाटिकाच रोपवाटिका आहेत. आणताना उंच आणि फुलं आलेलं रोप निवडू नका. वीतभर, जाड दांड्याचं, फुलं नसलेलं घ्या, आणि पानं उलटी करून पांढरी माशी नाही ना ते बघा. विकतची कीड घरी आली की ती सगळ्या बागेची होते.

लावणी संध्याकाळी. टोमॅटो खोल लावा, खालची पानं खुडून पहिल्या चांगल्या पानापर्यंत दांडा मातीत गेला तरी हरकत नाही, कारण त्या दांड्याला मुळं फुटतात. मिरची आणि वांगं मात्र ट्रेमध्ये होतं तेवढंच खोल, जास्त पुरलं तर खोड सडतं. टोमॅटोचा पाच फुटी बांबू लावणीच्या दिवशीच रोवा. महिन्यानं रोवला तर तोवर पसरलेली मुळं तुटतात. दोरी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा.

पाणी

कुंडीतली झाडं तहानेनं मरतात त्यापेक्षा जास्त पाण्यानं मरतात. मातीत बोट दोन पेरं खुपसा. आत ओल लागली तर पाणी नको, वर कितीही कोरडं दिसो. हिवाळ्यात लहान रोपाला एक दिवसाआड लिटरभर पुरतं. फळांवर आलेल्या टोमॅटोला रोज दोन लिटर लागतं. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार लिटर. पाणी सकाळी, बुंध्याशी, खालून थेंब गळेपर्यंत. पानांवर फवारा उडवायची सवय करपा घेऊन येते.

महापालिकेच्या नळाच्या पाण्यानं काही बिघडत नाही. उपनगरांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या टोकांना जळल्यासारखं दिसतं. अशा वेळी महिन्यातून एकदा पिशवीत गोडं पाणी भरपूर ओतून क्षार खालून वाहू द्या आणि वरचा अर्धा इंच थर बदला. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालून पुण्य लागत नाही. त्यात मूळ पाण्याहून क्षार जास्त असतात.

मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर कायम ठेवा, खोडापासून दोन बोटं सोडून. उन्हाळ्यात यानं पाण्याची चांगलीच बचत होते.

खुराक

लावणीनंतर पंधरा दिवस काही देऊ नका, मिश्रणात पुरेसं आहे. मग दर पंधरा-वीस दिवसांनी दोन मुठी गांडूळखत कडेनं मातीत मिसळा. फुलं आल्यावर महिन्यातून एकदा मूठभर निंबोळी पेंड. नुसती पानंच वाढताहेत आणि फूल येत नाही, असं झालं तर एक तर ऊन कमी आहे किंवा तुमचा हात सढळ आहे.

जीवामृत करायचं असेल तर १० लिटर पाण्याला ताजं शेण अर्धा किलो, गोमूत्र अर्धा लिटर, गूळ १०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम आणि बांधावरची किंवा झाडाखालची मूठभर माती. सावलीत गोणपाटानं झाकून ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा. दोन-तीन दिवसांत तयार होतं. दसपट पाण्यात मिसळून आठवड्याच्या आत संपवा. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र करू नका, शेजारी तक्रार करतील आणि त्यांचं चुकणार नाही.

केळीच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा यांच्याबद्दल सांगितलं फार जातं. चोथा धुऊन कंपोस्टमध्ये टाका, सालंही तिथेच. टरफलं कुजायला महिनोन् महिने घेतात, आज टाकून उद्याचा टोमॅटो सुधारत नाही.

काय बिघडतं आणि का

टोमॅटोचा तळ काळा, चामड्यासारखा झाला: फळाला कॅल्शियम पोचलं नाही. मातीत ते बहुधा असतंच. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादली, असं पाणी दिल्यामुळे ते वर चढत नाही. पाणी नियमित करा, पुढची फळं नीट येतात.

टोमॅटोच्या खालच्या पानांवर गोल वळ्यांचे तपकिरी डाग म्हणजे करपा. ती पानं काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. झाड दोन फुटांचं झालं की मातीपासून आठ इंचांपर्यंतची पानं तशीही काढून टाकावीत.

मिरचीची पानं वाटीसारखी मुडपली तर उलटून बघा. कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. हा बोकड्या किंवा चुरडामुरडा रोग. सुरुवातीला शेंडे खुडून निंबोळी तेलानं आटोक्यात येतो. सगळं झाड आखडलं तर उपटा. भेंडीची पानं जाळीदार पिवळी झाली तर तो विषाणू, त्याला औषध नाही. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो, म्हणून पिवळे चिकट सापळे सुरुवातीपासून टांगा, दर चार-पाच पिशव्यांमागे एक.

वांग्याचा शेंडा अचानक लोंबला तर त्यात अळी आहे. शेंडा दोन इंच खालून कापून चुरडा. हे आठवड्यातून दोनदा केलं तर फळं वाचतात, नाही केलं तर तीच पिढी पुढे वांग्यात शिरते. पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. फवारण्याआधी जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा, कारण मेणामुळे औषध आत जातच नाही. त्याच्या मागेपुढे मुंग्या असतातच. पिशवीखालच्या विटा पाण्यानं भरलेल्या ताटल्यांत ठेवल्या की मुंग्यांची वाट बंद होते.

निंबोळी तेलाचा फवारा: एक मिलिलिटर द्रवरूप साबण थोड्या कोमट पाण्यात, त्यात ५ मिलिलिटर तेल, पांढरं होईपर्यंत हलवा, मग लिटरभर पाणी. आधी पाण्यात तेल ओतलं तर ते वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात सगळं एकाच झाडावर बसतं. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला, दर सात दिवसांनी. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

फुलं गळतात, फळ धरत नाही

टोमॅटो-मिरचीची फुलं स्वतःच फळतात, फक्त वारा हवा. बंद बाल्कनीत सकाळी दहा-अकराला दांड्याला टिचकी मारा. एप्रिलच्या उन्हात टोमॅटोची फुलं गळतात, तिथे उपाय नाही.

वेलांची गोष्ट वेगळी. पहिली आठ-दहा फुलं नराची असतात आणि गळून जातात, घाबरायचं कारण नाही. मादीफुलामागे इवलंसं फळ दिसतं. माश्या फिरकत नसतील तर नरफूल तोडून पाकळ्या काढा आणि मादीफुलाच्या मध्यावर फिरवा. वेळ चुकवू नका: काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडका आणि दुधीची संध्याकाळी. सकाळी नऊला दोडक्यावर कितीही फिरवाफिरवी केली तरी उपयोग शून्य. फळ बोटाएवढं झालं की कागदी पिशवीत घाला, नाहीतर फळमाशी डंख मारते आणि कारलं एका बाजूनं वाकडं, पिवळं होऊन सडतं.

काढणी

घटस्थापनेला बी टाकलेला टोमॅटो नोव्हेंबरच्या सुरुवातीला पिशवीत जातो आणि संक्रांतीच्या सुमाराला लाल होतो. झाडावर पूर्ण पिकू देऊ नका, बुलबुल आधी पोचतात. गुलाबी छटा आली की तोडून घरात ठेवा. मिरची देठासकट तोडा. नीट सांभाळलेलं झाड वर्ष-दीड वर्ष देत राहतं. वांगं चकाकी असेपर्यंतच काढा, चकाकी गेली की आत बिया झाल्या. मेथी उपटण्याऐवजी इंचभर ठेवून कापली तर एक छोटा दुसरा तोडा मिळतो. पालक दीड इंचावर कापला तर दर पंधरा दिवसांनी तीन-चार वेळा येतो.

भेंडी पेरल्यापासून ४५-५० दिवसांनी सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. दोन दिवस गावाला गेलात तर दोरखंड हाती येतात, शिवाय जून शेंगा झाडावर राहिल्या की नवीन फूल येणं मंदावतं. एका झाडाला आठवड्याला दोन-चारच भेंड्या येतात, म्हणून चौघांच्या एका भाजीला आठ-दहा झाडं लागतात. लावतानाच हा हिशेब केलेला बरा.

रिकाम्या पिशव्या

फेब्रुवारीअखेर टोमॅटो संपतो. झाड उपटू नका, मातीलगत कापा, बारीक मुळं आतच कुजू द्या. रोगट झाड मात्र मुळासकट बाहेर. माती मेणकापडावर पसरून आठ दिवस उन्हात तापवा, हुमणी दिसली तर वेचा, मग तीन घमेली जुन्या मातीला एक घमेलं खत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घाला. टोमॅटो, मिरची, वांगं एकाच कुळातले, तेव्हा त्यांच्या जागी पुन्हा त्यातलंच काही लावू नये. त्या पिशव्यांत मार्चमध्ये गवार, चवळी, भेंडी टाका, ड्रममध्ये पूना खिरा. वर ५० टक्के सावलीचं हिरवं शेडनेट, पहिला पाऊस येईपर्यंत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, दोडका आणि कारल्याच्या बिया रात्रभर भिजवून ड्रममध्ये टोचा आणि सहा फुटी मांडव बांधून घ्या. पालेभाज्यांचे क्रेट पावसाळ्यात रिकामे ठेवा किंवा गॅलरीच्या छताखाली आणा, आणि कोपऱ्यातल्या सावलीत वडीच्या अळूचा एक कंद लावा. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ मातीत पडू द्यायचं नाही.